केळीचं टिश्यू कल्चर जमतं, मूत्राशयाचं कुठे अडतं?

जळगाव जिल्ह्यात टिश्यू कल्चर हा शब्द प्रयोगशाळेपेक्षा बांधावर जास्त ऐकू येतो. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या कोणाही केळीवाल्याला जी-नाइन या केळीच्या जातीचं रोप कुठून येतं हे ठाऊक असतं. निवडक झाडाच्या मुनव्यातला कोंब, बाटलीतलं पोषक माध्यम, हार्डनिंग म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची हळूहळू सवय, मग शेत. म्हणूनच ‘प्रयोगशाळेत मूत्राशय वाढवलं’ अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हीच साखळी उभी राहते, आणि तिथेच गल्लत होते. केळीच्या कोंबातल्या पेशीत अख्खं झाड उभं करण्याची कुवत असते. मूत्राशयाची पेशी कितीही लाडात वाढवली तरी तिच्यापासून मूत्राशय होत नाही. बशीच्या तळाला पेशींचा एक पातळ थर होतो, बस. त्या थराला पिशवीचा आकार देणं, रक्तपुरवठा जोडणं, ताणलं तरी फाटू न देणं, हे सगळं आपल्याला बाहेरून करावं लागतं.

गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्राची गाडी पेशींवर फारशी अडली नाही. ती अडली पेशी शरीरात ठेवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांवर. त्यामुळे ‘स्टेम सेल (वेगवेगळ्या ऊतींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी) घातले की झालं’ असं कोणी म्हणत असेल तर त्याने सोपा भाग सांगितला आणि अवघड भाग खिशात ठेवला असं समजा.

पिशवीचं खरं काम

मोठ्या माणसाच्या लघवीच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. मुलांसाठी वापरात असलेलं सूत्र सोपं आहे: वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. पाच वर्षांच्या मुलाची अपेक्षित क्षमता १८० मिली. पण क्षमता ही निम्मीच गोष्ट. पिशवी भरत जाते तरी आतला दाब जवळजवळ वाढत नाही, हे तिचं खरं कसब. एका मुलात २०० मिली भरताना दाब १० सेंमी पाण्याइतका वाढला तर लवचिकता २०० भागिले १०, म्हणजे २० मिली प्रति सेंमी. दुसऱ्या मुलात तेवढ्याच लघवीला दाब ४० सेंमीने वाढला तर लवचिकता ५. दुसऱ्या मुलाची पिशवी लघवी साठवतेय असं वरून दिसेल, पण मूत्रपिंडं आतून दबत असतात. लघवी गळायला लागते तेव्हाचा दाब ४० सेंमीच्या वर असेल तर मूत्रपिंडं धोक्यात येतात, हा निकष १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे.

रचनाही पाहून घेऊ. आतून युरोथेलियमचं अस्तर. त्याचे तीन थर: तळाच्या पेशी, मधल्या पेशी आणि सगळ्यात वर मोठ्या, पसरट छत्री पेशी. या छत्री पेशींच्या पृष्ठभागावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामुळे लघवीतली युरिया, पोटॅशियम, आम्लं परत रक्तात झिरपत नाहीत. अस्तराखाली कोलॅजेन आणि रक्तवाहिन्यांचा थर, त्याबाहेर डेट्रूसर स्नायू. प्रयोगशाळेत अस्तर आणि स्नायू दोन्ही वाढवता येतात. मज्जातंतू वाढवता येत नाहीत, ते शेजारून आत येतील या भरवशावर राहावं लागतं.

आतडं जोडण्याची जुनी वाट

पिशवी आखडलेली असते ती बहुतेक वेळा तीन प्रकारच्या रुग्णांत. पहिला, स्पायना बायफिडा म्हणजे कणा जन्मतः नीट न मिटलेली मुलं, ज्यांच्या पिशवीला मेंदूचे निरोप पोचत नाहीत. दुसरा, पिशवी पोटाबाहेर उघडी घेऊन जन्मलेली बाळं. तिसरा प्रकार पाश्चात्त्य लेखांत फारसा येत नाही, पण आपल्याकडे दिसतो: मूत्रमार्गाच्या क्षयरोगाने आक्रसून अंगुस्तानाएवढी उरलेली पिशवी. औषधांनी आणि लघवी काढायच्या नळीने (कॅथेटर) भागत नसेल तर शस्त्रक्रिया ठरलेली आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला २० ते ४० सेंमी तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वेगळा करायचा, उभा चिरून सपाट करायचा आणि उघडलेल्या पिशवीवर ठिगळ म्हणून शिवायचा. मोठ्या आतड्याला लागूनचा शेवटचा १५-२० सेंमी भाग शक्यतो हात न लावता सोडतात, कारण बी-१२ आणि पित्तक्षार तिथे शोषले जातात. उभा चिरणंही तितकंच महत्त्वाचं. नळीच्या आकारातच ठेवलं तर आतडं आपल्या सवयीने आकुंचन पावत राहतं आणि दाब परत वाढतो.

हे ठिगळ काम करतं, वर्षानुवर्षं टिकतं. तक्रार एकच, आतड्याचा पिंड शोषण्याचा आहे, साठवण्याचा नाही. ते लघवीतलं क्लोराइड आणि अमोनियम शोषून घेतं, रक्त आम्लधर्मी होतं, वाढत्या मुलांची हाडं त्याची किंमत मोजतात. ते चिकट स्राव सोडतं, तो साचून नळी तुंबते, त्याभोवती खडे धरतात. क्वचित ठिगळ फुटतं आणि दीर्घकाळात कर्करोगाचा धोकाही असतो. पिशवीला पिशवीच्याच ऊतीचं ठिगळ लावण्याची धडपड यातूनच सुरू झाली.

सात मुलं आणि सात आठवडे

१९९९ साली नेचर बायोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात बीगल कुत्र्यांवरचा प्रयोग आला. मूत्रवाहिन्या जिथे उघडतात तो तळाचा त्रिकोण शाबूत ठेवून बाकी पिशवी काढली. काहींना पेशी पेरलेला सांगाडा, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा पिशवीच्या आकाराचा आधार, बसवला, काहींना नुसता सांगाडा, काहींची उरलेली पिशवी तशीच शिवून टाकली. पेशींसह बसवलेल्यांत मूळ क्षमतेच्या सरासरी ९५ टक्के क्षमता मिळाली, नुसत्या सांगाड्यात ४६ टक्के, काहीच न बसवलेल्यांत २२ टक्के. पुढची सगळी उमेद या तीन आकड्यांवर उभी राहिली.

२००६ मध्ये अमेरिकेतले मूत्ररोग शल्यतज्ज्ञ अँथनी अटाला यांच्या गटाने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात माणसांवरचा अनुभव मांडला. रुग्ण सात, वय ४ ते १९ वर्षं, सगळे स्पायना बायफिडाचे. पद्धत थोडक्यात अशी.

पिशवीच्या घुमटाकडून लहानसा तुकडा बायोप्सीने घ्यायचा. अस्तर आणि स्नायू वेगळे करायचे. अस्तराच्या पेशी वाढतात सीरम नसलेल्या, कमी कॅल्शियमच्या माध्यमात. त्यात वाढ-घटक म्हणून ईजीएफ आणि बैलाच्या पिट्युटरीचा अर्क घालतात. स्नायूपेशींना डीएमईएम हे नेहमीचं माध्यम आणि १० टक्के सीरम चालतं. दोन्ही ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. संख्या कोटींच्या हिशेबात गेली की पिशवीच्या आकाराच्या सांगाड्यावर बाहेरून स्नायूपेशी पेरायच्या, त्यांना चिकटायला सवड द्यायची, मग आतून अस्तराच्या पेशी. हा क्रम उलटा करून चालत नाही. बाहेरून पेरताना सांगाडा हाताळावा लागतो, आणि आतलं नाजूक अस्तर आधी लावलं असेल तर त्यातच ते खरवडून निघतं. बायोप्सीपासून साधारण सात आठवड्यांनी सांगाडा रुग्णात.

सांगाडे दोन जातींचे होते. एक, पेशी धुऊन काढलेलं पिशवीचंच कोलॅजेन. दुसरा, कोलॅजेन आणि पॉलिग्लायकोलिक आम्ल, म्हणजे पीजीए, यांचं मिश्रण. काहींमध्ये वरून ओमेंटम गुंडाळलं, काहींमध्ये नाही. ओमेंटम म्हणजे आतड्यांसमोर लोंबणारा, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला चरबीचा पडदा. मिश्र सांगाडा आणि ओमेंटम अशी जोडी होती तिथेच निकाल खऱ्या अर्थाने चांगला आला: गळतीचा दाब ५६ टक्क्यांनी कमी, क्षमता १.५८ पट, लवचिकता २.७९ पट. पाठपुरावा सरासरी ४६ महिने. रक्तातली आम्लता नाही, खडे नाहीत, चिकट स्राव नेहमीपेक्षा जास्त नाही.

बातम्यांनी ‘प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्राशय’ असं छापलं. प्रत्यक्षात ते रुग्णाच्याच पिशवीच्या बुडावर शिवलेलं वरचं झाकण होतं. तळ, मूत्रवाहिन्यांची तोंडं, पिशवीची मान म्हणजे लघवी बाहेर पडायचं तोंड, सगळं मूळचं. बातमीतला हा फरक बारीक वाटेल, पण रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना पहिला खुलासा हाच करावा लागतो.

दुसऱ्या फेरीत काय झालं

हेच तंत्र कंपनीच्या हाती गेलं. टेन्जिऑन या अमेरिकी कंपनीने पीजीए आणि त्याच्याच जातीच्या पीएलजीए या विरणाऱ्या पदार्थांचा तयार सांगाडा वापरून स्पायना बायफिडाच्या मुलांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी घेतली. ती २०१४ मध्ये जर्नल ऑफ युरोलॉजीत छापून आली. दहा रुग्णांपैकी लवचिकता सुधारली १२ महिन्यांनी चौघांत, ३६ महिन्यांनी पाच जणांत, तीही उपचाराच्या दृष्टीने नगण्य. क्षमता वाढली नाही. चार रुग्णांत आतड्याला अडथळा किंवा पिशवी फुटणं असे गंभीर प्रकार झाले. सुरक्षेची मर्यादा ओलांडली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी पत्करली.

चाचणी फसली म्हणून कल्पना खोटी ठरत नाही. पण का फसली हे न समजता पुढची दहा वर्षं ‘चांगल्या पेशी’ शोधण्यात घालवली तर तोच खड्डा परत लागेल. कारणं माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने अशी.

रक्त. कुठल्याही पेशीला जगायचं तर जवळची केशवाहिनी १०० ते २०० मायक्रोमीटरच्या आत हवी, कारण प्राणवायू त्यापलीकडे झिरपत नाही. सांगाड्याची भिंत त्यापेक्षा कितीतरी जाड असते. नवीन केशवाहिन्या शेजारच्या ऊतीतून आत शिरतात त्या दिवसाला मिलिमीटरच्या अंशाने. म्हणजे मधल्या पेशींनी पहिले काही दिवस उपाशी काढायचे. बऱ्याच काढत नाहीत. त्या मेल्या की तिथे जळजळ, मग टीजीएफ-बीटा या व्रण घडवणाऱ्या प्रथिनाचा मारा, मग मायोफायब्रोब्लास्ट म्हणजे व्रण विणणाऱ्या पेशी, मग व्रणऊती. व्रणऊती आक्रसते आणि १५० मिलीचं ठिगळ काही महिन्यांत लिंबाएवढं होतं. ओमेंटम गुंडाळण्याचं कारण हेच. पण ओमेंटम भिंतीला बाहेरून रक्त देतं, आणि आतल्या बाजूला लघवी असते. लघवी पोषण तर देत नाहीच, अस्तर पूर्ण झालं नसेल तर खालच्या उघड्या ऊतीला भाजत राहते.

ताण. पिशवी रोज भरणं आणि रिकामी होणं हा डेट्रूसर स्नायूचा व्यायाम. तो मिळाला नाही तर पेरलेल्या स्नायूपेशी आकुंचनाचं कसब विसरतात आणि कोलॅजेन बनवत बसतात. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे साधारण तीन आठवडे पोटावरून घातलेल्या नळीने पिशवी रिकामी ठेवावी लागते, नाहीतर शिवण उसवते. त्यानंतर नळी थोडा थोडा वेळ बंद करून हळूहळू भरायला लावायची. इथे मेख अशी की ज्यांच्या पिशवीची मान सैल आहे त्यांची पिशवी भरतच नाही, गळून जाते. मान आवळण्याची शस्त्रक्रिया सोबत झालेली नसेल तर व्यायाम कागदावरच राहतो. बाटलीतलं केळीचं रोप हार्डनिंग न करता थेट मे महिन्याच्या उन्हात लावलं तर काय होतं ते इथे सांगायला नको. पिशवीचं हार्डनिंग म्हणजे हा भरण्या-रिकामं करण्याचा क्रम, आणि त्याचं वेळापत्रक आजही अंदाजानेच ठरतं.

सांगाडा विरण्याची वेळ. पीजीए साधारण दोन ते तीन महिन्यांत शरीरात विरतं, ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. नवीन ऊतीने भार उचलण्याआधीच सांगाडा लुळा पडला तर ठिगळ फुगतं किंवा फुटतं. फार उशिरा विरला तर तो कडकपणाच लवचिकता खातो. शिवाय विरताना ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल सुटतं, ते आजूबाजूच्या पेशींना झोंबतं.

आणि मूळ पेशीच आजारी असणं. मज्जातंतू बिघडलेल्या पिशवीतून काढलेल्या स्नायूपेशी बशीत वाढवल्या तरी आपला आजार विसरत नाहीत. निरोगी पेशींपेक्षा त्यांचं आकुंचन कमी भरतं. ‘स्वतःच्याच पेशी’ ही शरीराच्या नकाराविरुद्ध खात्री आहे, गुणवत्तेची नाही. पिशवीच्या कर्करोगात तर रुग्णाच्या पिशवीतल्या पेशी वापरण्याचा प्रश्नच येत नाही. तंबाखू आणि विडीने ज्या रुग्णांची पिशवी काढावी लागते त्यांच्यासाठी हा मार्ग सध्या बंद समजावा.

मग स्टेम सेल कुठे बसतात?

या शेवटच्या कारणावर, म्हणजे आजारी पेशींवर, ते उत्तर आहेत, आणि पहिल्या, म्हणजे रक्ताच्या कारणावर थोडी मदत. पिशवी आजारी असेल तर पेशी दुसरीकडून आणा, इतका साधा विचार आहे.

अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी सगळ्यात जास्त तपासलेल्या आहेत. त्या ओळखण्याचा निकष २००६ पासून ठरलेला आहे: प्लास्टिकला चिकटतात, सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा दाखवतात, सीडी४५ आणि सीडी३४ दाखवत नाहीत, आणि हाड, कूर्चा, चरबी अशा तिन्ही वाटांनी जाऊ शकतात. टीजीएफ-बीटा-१ सारखे घटक दिले की त्यांच्यात स्नायूची प्रथिनं दिसू लागतात. मात्र अ‍ॅक्टिन दिसलं म्हणून ‘स्नायू झाला’ असा शेरा मारणाऱ्या प्रबंधांपासून सावध राहा. अल्फा-अ‍ॅक्टिन मायोफायब्रोब्लास्टमध्येही दिसतं, म्हणजे ज्याच्यापासून आपण पळतोय त्यातच. कॅल्पोनिन आणि स्नायूचं मायोसिन हेवी चेन दाखवल्याशिवाय, आणि शक्यतो पट्टी खरोखर आकुंचन पावते हे मोजल्याशिवाय, तो निष्कर्ष पचू नये. या पेशींचा मोठा उपयोग त्या स्वतः स्नायू बनतात यापेक्षा रक्तवाहिन्या ओढून आणणारे व्हीईजीएफसारखे घटक सोडतात यात आहे.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने ही गोष्ट ओळखून मेसेन्कायमल पेशींसोबत रक्त बनवणाऱ्या सीडी३४ पेशीही त्याच सांगाड्यावर पेरल्या. सांगाडाही बदलला: ऑक्टेनडायॉल आणि सायट्रिक आम्लापासून बनवलेलं, ताणलं तरी परत येणारं पीओसी. ते उंदीरवर्गी प्राण्यांपासून बबून माकडांपर्यंत पोचले आहेत. मला हा मार्ग इतरांपेक्षा पटतो, कारण त्यात पेशी, रक्त आणि लवचिकता या तिन्हींचा एकत्र विचार आहे. पण बबूनची पिशवी निरोगी होती, मज्जातंतू शाबूत होते. स्पायना बायफिडाच्या मुलात तेच होईल असं कोणी गृहीत धरू नये.

लघवीतून मिळणाऱ्या पेशींचं प्रकरण वेगळंच मजेशीर. २००८ च्या सुमारास वेक फॉरेस्टच्या संशोधकांनी ताज्या लघवीतून अशा पेशी वाढवून दाखवल्या ज्या अस्तराकडेही वळतात आणि स्नायूकडेही. ना बायोप्सी, ना भूल. अडचणी व्यवहारातल्या: नमुना ताजा हवा, थंड ठेवायला हवा, आणि नळी वापरणाऱ्या मुलांच्या लघवीत जिवाणू जवळजवळ कायम असतात. एक नमुना अख्खं इनक्युबेटर नासवू शकतो.

आयपीएस, म्हणजे साध्या पेशींना मागे नेऊन पुन्हा स्टेम सेल केलेल्या पेशींबद्दल थोडक्यात: अस्तर बनवता येतं, पण एखादी पेशी कच्ची राहिली तर टेराटोमाची गाठ होण्याची भीती असते. मुलांत घालण्याइतकी खात्री अजून नाही.

बोकडाच्या मूत्राशयापासून सांगाडा

जळगाव, धुळ्याकडच्या बायोटेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा असेल तर पेशींपासून सुरुवात करू नका. सांगाड्यापासून करा. खर्च आवाक्यात राहतो, आणि निकाल मोजता येतो.

खाटिकखान्यातून ताजं बोकडाचं मूत्राशय घ्या. कापल्यापासून तासाभरात ते बर्फातल्या फॉस्फेट बफरमध्ये, प्रतिजैविकासह, पडलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असतो तेव्हा थर्माकोलच्या पेटीत बर्फ दुप्पट घ्या. ऊतीतली विकरं कोमट झाली की कोलॅजेन तुमच्या आधी तीच कापायला लागतात. बाहेरची चरबी काढा, पिशवी उभी चिरा, आतून धुवा. मग स्नायूचा थर बोथट सुरीच्या मागच्या बाजूने खरवडून काढा. आतली बाजू कोणती हे कोपऱ्यात एक टाका घालून खूण करून ठेवा, नाहीतर पुढे दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. अस्तराच्या पेशी पेरायच्या त्या आतल्या, गुळगुळीत बाजूवर, कारण तळपटल तिथे आहे.

आधी ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा, पेशी फुगून फुटतात. मग १ टक्का ट्रायटन एक्स-१०० (पेशी विरघळवणारा डिटर्जंट) आणि ०.१ टक्के अमोनियम हायड्रॉक्साइड, ४ अंशांवर, हलवणाऱ्या यंत्रावर, रोज द्रावण बदलत काही दिवस. तुकडा पांढरट, अर्धपारदर्शक होईपर्यंत. मग डीएनेज हे डीएनए कापणारं विकर, ३७ अंशांवर, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये. इथे नेहमी होणारी चूक: आधीच्या धुण्यात ईडीटीए वापरलेलं असतं आणि ते पुरतं धुतलं जात नाही. ईडीटीए हे दोन्ही आयन धरून बसतं, विकर चालतच नाही, आणि विद्यार्थी डीएनेजच्या बाटलीला दोष देतात. शेवटी निर्जंतुकीकरण: ४ टक्के इथेनॉलमध्ये ०.१ टक्के पेरॅसिटिक आम्ल, दोन तास, फ्यूम हूडमध्ये. मग बफर, पाणी, बफर असं धुवून सामू ७ च्या जवळ आणा. ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. १२१ अंशांना कोलॅजेनचं जिलेटिन होतं, झाकण उघडलं की हातात पायासूप.

घाई म्हणून ट्रायटनऐवजी एसडीएस हा जास्त कडक डिटर्जंट वापरण्याचा मोह होतो. ते पेशी झटपट काढतं, पण प्रथिनांना चिकटून राहतं आणि पुढे पेरलेल्या पेशी मारतं. पेशी का मरतायत हे कळेना तेव्हा आधी उरलेलं एसडीएस तपासा. फार दिवस धुतलं तर ग्लायकोसअमिनोग्लायकन निघून जातात आणि सांगाडा पाणी धरत नाही, वाळल्यावर कागदासारखा कडक होतो.

पास-नापास ठरवायला तीन निकष सर्वत्र वापरतात. कोरड्या वजनाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे दुहेरी डीएनए ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी. उरलेल्या डीएनएचे तुकडे २०० बेस जोड्यांपेक्षा छोटे. आणि डीएपीआय किंवा हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रंगात एकही केंद्रक दिसता कामा नये. नमुना कडेचा आणि मधला, दोन्हीकडचा घ्या. मध्ये जाड राहिलेल्या जागी केंद्रकं लपतात. मग ओल्या पट्टीवर ताण-चाचणी आणि टाका किती जोराने ओढल्यावर फाटतो याची चाचणी. सर्जनला दुसरी चाचणी पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, आणि ते बरोबरच आहे.

पेशींपर्यंत गेलातच तर इनक्युबेटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि कार्बन डायऑक्साइडचा दुसरा सिलिंडर भरून ठेवा. उन्हाळ्यात वीज गेली आणि खोली चाळिशीला पोचली तर इनक्युबेटर थंड होत नाही, उलट तापतो, आणि ४० अंशांना पेशी टिकत नाहीत. जिवंत प्राण्यात सांगाडा बसवायचा असेल तर प्राणी-प्रयोग समितीची मंजुरी लागते, मानवी ऊतीला संस्थेच्या नीतिसमितीची, आणि स्टेम सेल असतील तर त्यासाठीची वेगळी समिती. हे कागद आधी, पेट्री डिश नंतर.

जाहिरात दिसली तर

भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा नेहमीचा उपचार म्हणून वापर मान्य आहे तो फक्त रक्ताच्या ठरावीक विकारांत, रक्त बनवणाऱ्या पेशींच्या प्रत्यारोपणापुरता. मूत्राशय त्यात नाही. बाकी सगळं मंजूर चाचणीतच होऊ शकतं, आणि चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत दिसली पाहिजे. तिचं संकेतस्थळ कोणालाही मोफत पाहता येतं. त्यामुळे नाशिक, सुरत, इंदूर कुठूनही ‘लघवीच्या पिशवीसाठी स्टेम सेल इंजेक्शन’ असा प्रस्ताव आला तर नोंदणी क्रमांक मागा, आणि पैसे कशाचे हे विचारा. चाचणीतल्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. इंजेक्शनने पेशी सोडणं आणि सांगाड्यावर पेशी पेरून ठिगळ शिवणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. २००६ चा लॅन्सेटमधला लेख दाखवून इंजेक्शन विकत असतील तर उठून बाहेर या.

तयार मिळणारे बरेच सांगाडे डुकराच्या आतड्यापासून किंवा मूत्राशयापासून बनवलेले असतात. कुठल्याही शस्त्रक्रियेत जैविक जाळी वापरणार असं सांगितलं तर ती कशाची आहे हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. आपल्याकडे हा प्रश्न संकोचाने विचारलाच जात नाही.

मे २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये माणसात मूत्राशयाचं पहिलं प्रत्यारोपण झालं, मूत्रपिंडासोबत. ती मृत दात्याची पिशवी होती, प्रयोगशाळेतली नव्हे, आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. दोन्ही बातम्या एकत्र करू नयेत.

तोवर घरी

आतड्याचं ठिगळ लावलेलं मूल घरात असेल तर खान्देशी उन्हाळा हा खरा शत्रू. पाणी कमी पडलं की चिकट स्राव घट्ट होतो, खडे धरतात आणि रक्तातली आम्लता वाढते. लघवी फिकट राहील एवढं पाणी, आणि नळी दर तीन-चार तासांनी, रात्रीची वेळ डॉक्टर सांगतील तशी. स्पायना बायफिडाच्या मुलांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून नळी आणि हातमोजे बिनलॅटेक्सचेच मागा. पिशवी आतून धुण्यासाठी ६० मिलीची सिरिंज आणि सलाइन. सलाइन घरी करायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर उकळून निववलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, वजनकाट्यावर मोजून, मुठीच्या अंदाजाने नाही. सिरिंज हळू ढकला, तेवढंच परत ओढा. आत गेलेलं बाहेर येत नसेल तर आणखी ढकलू नका, नळी तुंबलीय.

बी-१२ आणि रक्तातलं बायकार्बोनेट वर्षातून एकदा तपासून घ्या. पोटात अचानक दुखणं, पोट फुगणं, खांद्यात कळ, ताप, नळी घातली तरी लघवी कमी येणं, यातलं काहीही दिसलं तर ठिगळ फुटल्याची शंका धरायची. या मुलांना कमरेखाली संवेदना कमी असते, त्यामुळे दुखणं सौम्य वाटू शकतं आणि गॅस म्हणून घरी वेळ जातो. धडगाव-अक्कलकुव्याकडून निघायचं तर १०८ ला फोन करतानाच ‘पिशवीवर आतड्याचं ठिगळ आहे, फुटल्याची शंका आहे’ असं सांगा, आणि शस्त्रक्रियेचा कागद सोबत घ्या. पिशवीत रंगद्रव्य भरून सीटी काढायची सोय जिथे आहे तिथेच थेट जा. नुसत्या सोनोग्राफीत फूट निसटू शकते.